एक जूनचा गागारिन

बापट नासाचा टी-शर्ट घालून आला की आम्ही ओळखतो, आज वाद आहे. टी-शर्ट पोराने न्यू जर्सीहून पाठवलाय, मापाने दोन नंबर मोठा, आणि बापट तो कडक इस्त्री करून घालतो.

"काल पाहिलंत का?" ओट्यावर टेकायच्या आधीच त्याने सुरू केलं. "अँकर अंतराळवीराचा पोशाख घालून स्टुडिओत तरंगतोय! ही काय पत्रकारिता? आपण ६९ साली चंद्रावर उतरलो तेव्हा कसं सभ्यपणे जगाला दाखवलं."

"आपण म्हणजे कोण?" कॉम्रेड.

"म्हणजे… अमेरिकेने."

बापटचं हे 'आपण' जुनं दुखणं आहे. पोरगा तिकडे गेला २००९ साली, पण बापट पूर्वलक्षी प्रभावाने १७७६ पासून अमेरिकन आहे.

आमचा कट्टा म्हणजे डोंबिवलीतल्या एका बंद पडलेल्या सरकारी दूधकेंद्राचा ओटा. समोर यादवची टपरी. कॉम्रेड आणि बापट एकाच बँकेतले, एक युनियनचा, दुसरा मॅनेजर, त्यामुळे दोघांचं जे काही आहे ते अंतराळाच्या बरंच आधीचं आहे. सुधामामा सगळ्यांत वडील, ७६ वर्षांचे. मुंबईच्या एका दैनिकात टेलिप्रिंटरच्या खोलीत चिकटले आणि वृत्तसंपादक म्हणून बाहेर पडले. आम्ही बोलत असतो तेव्हा ते ओंजळीत ग्लास धरून बसलेले असतात आणि चहा संपला की बोलतात. म्हणून कॉम्रेड त्यांना दुसरा कटिंग लवकर मागवू देत नाही.

"तुमची अमेरिका तेव्हा झोपली होती," कॉम्रेड म्हणाला. "गागारिन वर जाऊन पृथ्वीला फेरी मारून आला आणि तुमचे नासावाले घोरत होते. हे मी म्हणत नाही, त्यांच्याच माणसाने सांगितलंय."

"कुठल्या माणसाने? कायच्या काय!"

मामांचा चहा दुर्दैवाने संपला होता.

"शॉर्टी पॉवर्स," मामा म्हणाले. "नासाच्या अंतराळवीरांचा प्रसिद्धी अधिकारी. १२ एप्रिल १९६१. पहाटे चारच्या सुमाराला एका वार्ताहराने फोन करून उठवलं, रशियाने माणूस वर पाठवलाय, तुमची प्रतिक्रिया द्या. हा अर्धवट झोपेत वैतागून म्हणाला, आम्ही सगळे झोपलोय इथे. सकाळचा मथळा काय? रशियाचा माणूस अंतराळात, अमेरिका झोपेत, प्रवक्त्याची माहिती."

यादवसकट सगळे हसले. बापट सोडून.

"हे अनैतिक आहे," बापट म्हणाला. "पहाटे चारला उठवून घेतलेलं वाक्य छापायचं?"

"वाक्य त्याचंच होतं ना?"

"संदर्भ सोडून!"

"बापट, मथळा खोटा नव्हता. लबाड होता. मी असे पन्नास तरी दिले असतील." मामांनी ग्लास पालथा केला. "आणि खरं सांगू? डेस्कवर ते वाक्य माझ्या हाती पडलं असतं तर मी शिपायाला पेढे आणायला पाठवलं असतं."

कॉम्रेड आता फॉर्मात. बँकेच्या गेटवर उभा राहायचा तसा उभा राहिला. "मुद्दा काय, की रशियात बातमी दाबायचे आणि अमेरिकेत बातमी विकायचे!"

"हे तू मोर्च्यात म्हण," मामा म्हणाले, "इथे बस."

बसला.

बापटने मोबाइल काढला. पोराने काहीतरी पाठवलेलं असणारच. "हे बघ. ६ डिसेंबर ५७. व्हँगार्ड. रशियाच्या स्पुटनिकनंतर आपण… अमेरिकेने पहिला उपग्रह सोडायचा प्रयत्न केला. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. रॉकेट चार फूट उचललं आणि खाली बसून पेटलं. लपवलं का? नाही. जगाने पाहिलं. रशियाने एक तरी फसलेलं उड्डाण असं दाखवलंय?"

हा मुद्दा चांगला होता, आणि बापटचा होता, म्हणून क्षणभर कोणी काही बोललं नाही.

"दाखवलं, हे खरं," मामांनीच कबूल केलं. "त्यांच्याच पेपरांनी धिंड काढली. फ्लॉपनिक, कपुतनिक. आणि तो छोटा उपग्रह बाजूला जाऊन पडला होता तो तिथे पडल्या पडल्या बीप-बीप करत राहिला. आमच्या डेस्कवर त्याचं 'फुसनिक' झालं असतं. पण बापट, जे सगळ्यांना दिसतंच आहे ते दाखवण्यात कसलं मोठेपण? जे दिसत नव्हतं त्याचं काय केलं ते सांग. मे १९६०."

"मे ६० ला काय?"

"यू-टू."

बापटचा चेहरा बँकेत इन्स्पेक्शन आल्यावर व्हायचा तसा झाला. त्याला माहीत होतं, पण आठवायचं नव्हतं.

गोष्ट साधारण सगळ्यांना ठाऊक आहे, १ मेला रशियावर अमेरिकेचं हेरगिरीचं विमान पाडलं ते. मामांना सांगायचा होता तो त्यातला नासाचा भाग. विमान गुप्तहेर खात्याचं, पण निवेदन दिलं नासाने. हवामानाचा अभ्यास करणारं आमचं विमान तुर्कस्तानच्या बाजूला बेपत्ता झालंय, वैमानिकाने ऑक्सिजनची तक्रार केली होती, वगैरे. नुसतं निवेदन देऊन थांबले नाहीत. ६ मेला कॅलिफोर्नियात एडवर्ड्‌स तळावर एक दुसरं यू-टू आणून उभं केलं, त्याच्यावर नासाचं नाव रंगवलेलं, आणि वार्ताहरांना बोलावलं. या, फोटो घ्या, हे बघा आमचं हवामानाचं विमान. वार्ताहरांनी घेतले. छापले. आणि दुसऱ्या दिवशी, ७ तारखेला, रशियाच्या प्रमुखाने, क्रुश्चेव्हने, जाहीर केलं की वैमानिक जिवंत आहे, आमच्या ताब्यात आहे, आणि बोलतोय.

"त्या वैमानिकाचं नाव काय होतं?" मामांनी विचारलं.

"फ्रान्सिस गॅरी पॉवर्स," मी म्हणालो.

"हाही पॉवर्स. अमेरिकेला त्या दोन वर्षांत पॉवर्सांचं ग्रहण होतं. एक आकाशातून पडला, दुसरा बिछान्यातून."

"पण ती देशाची सुरक्षा होती," बापट.

"मान्य. मग नेदेलिन पण सुरक्षाच होती असं कॉम्रेड म्हणेल, तेव्हा तू गप्प बसशील?"

कॉम्रेडने मान दुसरीकडे फिरवली. पण बापटने आधी नाव पकडलं. त्याला हेच हवं होतं.

"हां! सांगा, सांगा. तो मार्शल. सांगा ना मामा!"

मामांना हे बापटच्या आग्रहावरून सांगायला आवडलं नसावं, कारण आवाज उतरला. २४ ऑक्टोबर १९६०. बैकोनूर, रशियाचा रॉकेटं सोडायचा तळ. नवं क्षेपणास्त्र, इंधन भरलेलं, आणि त्यात काहीतरी बिघाड. इंधन काढून, रिकामं करून दुरुस्ती करायची तर दिवस जाणार आणि वरून घाई. मार्शल मित्रोफान नेदेलिन स्वतः रॉकेटपासून थोड्याच अंतरावर खुर्ची टाकून बसला, म्हणजे बाकीच्यांना लांब जायची लाज वाटावी. वरच्या टप्प्याचं इंजिन मध्येच पेटलं. शंभराच्या आसपास माणसं गेली. पेपरात आलं, मार्शल नेदेलिन विमान अपघातात मृत्युमुखी. बाकीच्यांचं काही आलंच नाही. घरच्यांनाही बोलायची बंदी. १९८९ साली त्यांच्याच एका साप्ताहिकाने छापलं तेव्हा लोकांना कळलं.

"एकोणतीस वर्षं," मामा म्हणाले. "म्हणजे बापाच्या मरणाची खरी बातमी पोराला स्वतःचे केस पांढरे झाल्यावर. आणि बैकोनूर हे नावसुद्धा खोटं. खरं बैकोनूर गाव तिथून तीनशेवर किलोमीटर लांब. तळ होता त्युरातामच्या स्टेशनजवळ. दिव्याला तळ बांधायचा आणि नाव द्यायचं नाशिक रोड."

"शीतयुद्ध होतं," कॉम्रेड पुटपुटला. नेहमीपेक्षा हळू.

"होतं ना. म्हणून तर दोघांचे ताळेबंद एकदम काढतोय."

एवढ्यात केतकी आली. मामांच्या वरच्या मजल्यावर राहते, बातम्यांच्या एका पोर्टलवर काम करते, आणि लोकल लेट असली की चिडून थेट कट्ट्यावर येते. तिला चहा मिळेपर्यंत आम्ही तिला मागचं सगळं सांगितलं, प्रत्येकाने आपापल्या बाजूने, म्हणजे तिला काहीच कळलं नसणार.

"काका, तुमच्या वेळी निदान लपवावं तरी लागायचं," ती म्हणाली. "आम्हाला प्रेसनोट येते, चाळीस मिनिटांत टाकायची. खरी का खोटी हे बघायला चाळीस मिनिटांत वेळ कुठाय? आणि खाली लिहायचं, अधिकृत सूत्रांनुसार."

"ताशी किती?"

"दिवसाला बारा-पंधरा."

"आम्ही दिवसाला चार करायचो आणि पाकीट मिळालं तर पाच," मामा म्हणाले. पाकीट म्हणजे काय हे केतकीला सांगावं लागलं नाही. "तुला अंतराळातल्या सगळ्यांत मोठ्या पाकिटाची गोष्ट माहितीये?"

हा मामांचा आवडता विषय. मी तीनदा ऐकलाय, आणि दर वेळी बापट चिडतो, म्हणून चौथ्यांदाही ऐकला.

१९५९ च्या एप्रिलमध्ये नासाने मर्क्युरी मोहिमेचे सात जण पत्रकारांपुढे बसवले. अजून कोणी वर गेलेलं नाही, रॉकेटं चाचणीत फुटताहेत, आणि हे सात जण टेबलामागे बसून देशाचे वीर झाले. त्याच वर्षी 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांच्याशी करार केला. सातही जणांच्या आणि त्यांच्या बायकांच्या खासगी हकिकती फक्त आम्ही छापणार. रक्कम ५ लाख डॉलर, तीन वर्षांसाठी, सात घरांत सारखी वाटून.

"भागिले सात, भागिले तीन," बापट आपोआप बोलला. बँकवाला तो बँकवाला. "माणशी वर्षाला पावणेचोवीस हजार."

"तेव्हाचे."

"मग? जीव धोक्यात घालत होते. विमा कोण उतरवणार त्यांचा? दोन पैसे मिळाले तर तुमचं काय पोट दुखतं?"

"पैशाचं काही नाही रे. लेख अंतराळवीराच्या नावाने छापून यायचा, लिहायचा साप्ताहिकाचा माणूस. उड्डाणाच्या दिवशी बायको घरात टीव्हीसमोर, तिच्या शेजारी सोफ्यावर लाइफचा माणूस, आणि बाकीचे सगळे पेपरवाले बाहेर हिरवळीवर चिखल तुडवत. आता ज्याला सोफा मिळालाय, तो सोफ्यावरचं भांडण छापेल का? गॉर्डन कूपर आणि त्याची बायको निवडीच्या आधी वेगळे राहत होते. निवड व्हावी म्हणून परत एका छपराखाली आले. वाचकाला काय मिळालं? सुखी संसार, रंगीत फोटोंसह."

"हे म्हणजे इन्फ्लुएन्सर झाले," केतकी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. पुढे?"

"पुढे काय, बाकीच्या पेपरांनी बोंब मारली. सरकारी मोहीम, लोकांच्या कराचा पैसा, आणि हकिकत एकाच्या खिशात? ६२ साली केनेडींचं सरकार करार पुढे नको म्हणत होतं. मग जॉन ग्लेन स्वतः केनेडींशी बोलला. पृथ्वीला तीन फेऱ्या मारून आलेला माणूस, त्याला नाही कोण म्हणणार? करार चालू राहिला." मामांनी केतकीकडे पाहिलं. "बोंब मारणाऱ्यांतले किती जण तत्त्वाने ओरडत होते आणि किती जणांना ते पाकीट स्वतःला हवं होतं, हे विचारू नकोस."

बापटला आता मदत हवी होती. त्याने पोराला व्हॉट्सॲपवर काहीतरी टाइप केलं. तिकडे सकाळचे साडेनऊ. उत्तर आलं नाही. पोरगा ऑफिसात असतो हे बापट सोडून सगळ्या कट्ट्याला माहीत आहे.

"तुमचा तो रशियन पक्षाचा पेपर, 'प्रावदा', काय मोठा धुतला तांदूळ होता?" त्याने कॉम्रेडवर मोर्चा वळवला. "बातमीसुद्धा नीट लावता येत नव्हती!"

हे बोलून तो मामांच्या तावडीत सापडला, कारण मामांना नेमकी ती बातमी पाठ आहे. स्पुटनिक ४ ऑक्टोबर १९५७ ला गेला. माणसाने बनवलेली पहिली वस्तू पृथ्वीभोवती फिरतेय, ८३.६ किलोची. ५ तारखेच्या 'प्रावदा'त ती बातमी पहिल्या पानावर आहे, पण एका रकान्यात, सरकारी वृत्तसंस्थेचं कोरडं निवेदन. तारीख, वजन, रेडिओची कंपनसंख्या. जणू पाटबंधारे खात्याचं टेंडर. मग त्या दिवशी अमेरिकेतले आणि युरोपातले पेपर फुटले, हाहाकार, मोठाले मथळे. आणि ६ तारखेचा 'प्रावदा' बघावा तर पानभर स्पुटनिक.

"म्हणजे आपण काय केलंय हे क्रेमलिनला न्यूयॉर्कच्या पेपरांनी सांगितलं," मामा म्हणाले. "जगातलं सगळ्यांत मोठं प्रचारखातं, आणि मथळा द्यायला शत्रूचा डेस्क लागला."

कॉम्रेडसुद्धा हसला. "आणि ज्याने बनवला त्याचं नाव नाही," तो म्हणाला. "मुख्य रचनाकार. बस्स. कोरोल्योव्हचं नाव तो ६६ ला गेला तेव्हा मृत्युलेखात पहिल्यांदा छापून आलं. मला त्याचं वाईट वाटतं रे. आमच्या घरी 'सोव्हिएत देश'चे अंक यायचे. त्या गुळगुळीत कागदाची आम्ही वह्यांना कव्हरं घालायचो. माझ्या गणिताच्या वहीवर गागारिन, भूगोलाच्या वहीवर धरण. कोरोल्योव्ह कुठल्याच वहीवर नव्हता."

"आणि कुत्री? लायका?" केतकीने विचारलं. "ती आठवडाभर जिवंत होती ना वर?"

"तसंच ऐकत आलो आपण. मरण अगदी शांत, विनायातना," मामा म्हणाले. "२००२ साली त्यांच्याच एका शास्त्रज्ञाने सांगितलं, काही तासांतच गेली. उष्णतेने."

कॉम्रेड यावर काही बोलला नाही. त्यांच्या चाळीतल्या कुत्रीचं नाव लायका होतं, हे आम्हाला माहीत आहे. यादवने न विचारता त्याच्यापुढे कटिंग ठेवला.

वातावरण फार जड व्हायला लागलं तसे मामा म्हणाले, "चला, तुम्हाला चोरीची गोष्ट सांगतो. यात रशिया पण आहे, इंग्रज पण आहेत, आणि माझा धंदा पण आहे."

आणि त्यांनी तोंडाने आवाज काढला. आधी एक लांब शिट्टी, मग खर-खर, खर-खर, एका तालात, मध्ये बारीक कुईं. टपरीवरची दोन पोरं वळून बघायला लागली.

"हा कसला आवाज?"

"फोटो येतोय त्याचा."

टेलिप्रिंटरच्या खोलीत एका कोपऱ्यात फोटो घ्यायचं यंत्र असायचं. ड्रमवर कागद गुंडाळायचा, ड्रम फिरायचा, आणि पलीकडून तारेवर किंवा रेडिओवर जो आवाज यायचा तो रेघेरेघेने कागदावर उमटायचा. पंधरा-वीस मिनिटांत एक फोटो. मामा म्हणाले, वर्षभरात कान असा तयार व्हायचा की दाराबाहेरून कळायचं, फोटो सुरू झाला का मध्येच तुटला. पलीकडचा आणि अलीकडचा ड्रम एका मापात, एका वेगात फिरायला हवा. नाहीतर माणूस तिरपा येतो, नाहीतर ताणला जातो. एकदा एका मंत्र्याचा फोटो असा आला की चेहरा दुधी भोपळा. पाच मिनिटांत पान सोडायचं होतं. मामांनी सोडलं. दुसऱ्या दिवशी मंत्र्याच्या माणसाचा फोन आला, फोटो छान आलाय, साहेब बारीक दिसतायत.

"तर १९६६. ३ फेब्रुवारीला रशियाचं लूना-९ चंद्रावर उतरलं, आपटलं नाही, अलगद उतरलं. पहिल्यांदाच. वादळांच्या महासागरात. आणि तिथून ते काहीतरी पाठवायला लागलं. इंग्लंडात मँचेस्टरजवळ जॉड्रेल बँक म्हणून वेधशाळा आहे, तिथे अडीचशे फुटांची तबकडी. तिचा प्रमुख बर्नार्ड लव्हेल. हे लोक रशियाची यानं आधीपासून ऐकायचे. यांनी आवाज टेपवर घेतला, आणि ऐकता ऐकता कोणाच्या तरी लक्षात आलं…"

मामा पुन्हा खर-खर, कुईं.

"…अरे, हा तर पेपरवाल्यांचा आवाज आहे! चंद्रावरून साधा वृत्तसंस्थेचा फोटो येतोय!"

"काय सांगता," केतकी ग्लास खाली ठेवून पुढे सरकली.

"रशियाने गुप्त सांकेतिक वगैरे काही वापरलं नव्हतं. पेपरात फोटो पाठवायची जी पद्धत, तीच. मग यांनी 'डेली एक्स्प्रेस'च्या मँचेस्टरच्या कचेरीतून फोटोचं यंत्र मागवलं. गाडीत घालून आणलं, टेप लावली, आणि कागदावर चंद्र उमटला. दगड, खड्डे, जमीन. माणसाने चंद्राच्या जमिनीवरून घेतलेला पहिला फोटो. रशियाने प्रसिद्ध करायच्या आधी 'एक्स्प्रेस'च्या पहिल्या पानावर!"

सगळे एकदम बोलायला लागले. कॉम्रेडचं म्हणणं, सरळ चोरी. पैसा सोव्हिएत कामगाराचा, यान त्याचं, फोटो त्याचा, आणि छापला लंडनच्या भांडवलदाराने. बापटचं म्हणणं, चोरी कसली, आकाशातून येणारी लहर कोणाच्या बापाची नाही, ज्याचा अँटेना मोठा त्याची बातमी. मी म्हणालो, काही लोकांना वाटतं रशियाने मुद्दामच साधी पद्धत ठेवली, म्हणजे इंग्रजांनीच पकडावं आणि कोणी शंका घेऊ नये. कारण ५९ साली लूना-२ चंद्रावर आदळलं तेव्हा अमेरिकेत एक जण ते सगळं थोतांड म्हणून लिहीत होता, आणि तेव्हाही आदळल्याची साक्ष याच जॉड्रेल बँकेने दिली होती.

"पण परवानगी?" केतकीने विचारलं. "म्हणजे फोटो ज्याचा त्याने अजून जाहीर केला नाही. निदान विचारायचं, थांबायचं. नाव द्यायचं."

"नाव दिलं होतं. फोटो रशियाच्या यानाचा हे काही लपवलं नाही," मामा म्हणाले. "मला चोरी वाटतच नाही ती. दाराबाहेर ऐकू येतंय ते ऐकलं. माझं भांडण वेगळं आहे. फोटोचं माप चुकलं होतं."

"म्हणजे?"

"दुधी भोपळा. रशियाच्या यंत्राचं आडवं-उभं प्रमाण वेगळं, एक्स्प्रेसच्या ड्रमचं वेगळं. आडवी बाजू दाबली गेली. जो चंद्र बराचसा सपाट, तो अणकुचीदार सुळक्यांचा दिसला. नंतर रशियाने आपले फोटो काढले तेव्हा कळलं. एक दिवस थांबून विचारलं असतं, बाबांनो, तुमचं माप काय, तर…"

"तर बातमी गेली असती," केतकी म्हणाली.

"तर बातमी गेली असती," मामा म्हणाले. "मी थांबलो नसतो. मी भोपळा सोडलाय, मी काय तोंडाने बोलू? पण तू मला सरकारं किती खोटं बोलली ते विचारतेस. सरकारं बोलणारच. तो फोटो कुठल्या सरकारने वाकडा केला नाही. आमच्या यंत्राने केला, आमच्या घाईत."

केतकी काहीतरी फोनमध्ये लिहून ठेवत होती. बापट म्हणाला, "पण चंद्रावर शेवटी गेलं कोण? आपणच ना?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

कॉम्रेडला मात्र शेवट असा नको होता. त्याला गागारिन हवा होता. "काही म्हणा, गागारिनचं हसू खोटं नव्हतं. १०८ मिनिटं! वर गेला तेव्हा सीनिअर लेफ्टनंट, उतरला तेव्हा मेजर."

"उतरला कसा पण?" मामा. "यानातून का?"

"यानातूनच."

"सात किलोमीटर उंचीवर यानाबाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने शेतात आला. यान वेगळं पडलं. दहा वर्षं सांगत राहिले यानातून उतरला, कारण विक्रमाचा नियमच तसा, वैमानिक यानात बसून उतरायला हवा. ७१ साली कबूल केलं. शेतात एक आजी आणि तिची नात होती, त्यांनी त्याला पॅराशूटसकट पाहिलं. जगातली सगळ्यांत मोठी बातमी त्या आजीकडे, आणि तिला विचारायला एक वार्ताहर नाही."

"ते काही असो," कॉम्रेड हट्टाने म्हणाला. "मी त्याला प्रत्यक्ष पाहिलंय. मुंबईत. ६१ च्या डिसेंबरात. वडिलांच्या खांद्यावर होतो. उघडी गाडी, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, त्याने माझ्याकडे बघून हात केला. ते हसू अजून डोळ्यांसमोर आहे."

"मी पण गेलो होतो," मामा म्हणाले. "बारा वर्षांचा होतो. शाळेने रांगेत उभं केलं, हातात कागदी झेंडा. दोन तास. मला पोलिसाची पाठ दिसली. घामाने शर्ट चिकटला होता, एवढं स्पष्ट आठवतं."

"मला दिसला," कॉम्रेड.

केतकी फोनवरून मान वर न करता म्हणाली, "काका, तुमचा वाढदिवस एक जून ना? आपण साठीचा केक आणला होता, इथेच. रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी. २०१९ ला."

"हो. मग?"

"म्हणजे जन्म ५९. म्हणजे गागारिन आला तेव्हा तुम्ही अडीच वर्षांचे."

शांतता. यादवच्या स्टोव्हचा आवाज तेवढा.

"अडीच वर्षांच्या पोराला हसू आठवतं?" बापटने खूप दिवसांनी खरोखर आनंदाने विचारलं. "सोव्हिएत दूध प्यायला होतास काय?"

कॉम्रेड लाल झाला. "एक जून काय, आमच्या पिढीत निम्म्यांचा एक जूनच आहे! शाळेत मास्तरांनी लावलेली तारीख ती. मी खरा ५७ चा. साडेचार वर्षांचा होतो. साडेचारला आठवतं!"

मामांनी मोकळा ग्लास ओट्यावर ठेवला, अगदी हळू. "मग तू साठाव्या वर्षी रिटायर व्हायला हवा होतास, २०१७ ला."

"म्हणजे कागदोपत्री…"

"झालास २०१९ ला."

कॉम्रेडने तोंड उघडलं आणि मिटलं. एकतर गागारिन सोडायचा, नाहीतर दोन वर्षांचा पगार.

पण मामांच्याही आधी पेटला तो बापट. उठून उभाच राहिला, टी-शर्टवरचा नासा पोटावर थरथरत होता. "थांब. थांब. २०१८ च्या फेब्रुवारीत माझ्या केबिनबाहेर दोन तास कोण बसलं होतं? घोषणा कोण देत होतं? बापट हाय हाय कोण ओरडत होतं? म्हणजे तेव्हा तू नोकरीतच असायला नको होतास! बाहेरचा माणूस माझ्या शाखेत घुसून मला हाय हाय!"

"ती रास्त मागणी होती! पंख्याची!"

"पंखा गेला खड्ड्यात! मी रीजनल ऑफिसला पत्र टाकतो."

"टाक. पण आधी मी अडीच वर्षांचा होतो का साडेचार ते ठरव."

"अडीच!" बापट ओरडला. मग लक्षात आलं. "नाही, साडेचार! नाही…"

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि केतकी त्यांची पाठ चोळत यादवला पाणी मागत होती. कॉम्रेडने शेवटी खिशातून पन्नासची नोट काढली आणि सगळ्यांचा चहा आपल्या नावावर टाकला. आठ वर्षांत पहिल्यांदा. बापटने तो प्यायला, पण पाठ फिरवून.